चौदा सुट्ट्यांचे बेट

पस्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या मनुष्यास सुट्ट्यांच्या यादीविषयी जे ममत्व वाटते, ते इतरांस सहसा कळावयाचे नाही. जून महिन्यात ती यादी फळ्याशेजारी डकवावी, मुलांनी तिच्याभोवती घोळका करावा, आणि एखादा सण रविवारी आला म्हणजे सगळ्या वर्गाने हळहळावे, हा आमचा दरसालचा सोहळा असे. म्हणून पुतण्याच्या आग्रहावरून वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटात जवळजवळ एक वर्ष राहण्याचा योग आला तेव्हा तेथील सरकारी सुट्ट्यांची यादी मी पहिल्याच आठवड्यात वहीत उतरून घेतली, ह्याचे वाचकांनी नवल मानू नये. यादी चौदा दिवसांची होती. नववर्षाचा दिवस, गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, कॉर्पस ख्रिस्ती, नाताळ व त्याचा दुसरा दिवस, हे ख्रिस्ती राज्याच्या जुन्या वहिवाटीचे दिवस, हिंदूंची दिवाळी, मुसलमानांची ईद, स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताकदिन. इतके समजण्यासारखे होते. परंतु ३० मार्च, ३० मे, १९ जून व १ ऑगस्ट हे चार दिवस माझ्या ओळखीचे नव्हते. त्यांची चौकशी करता करता माझे वर्ष गेले, आणि त्या चौकशीतून मला जे कळले तेच येथे सांगावयाचे आहे.

आपले सण पंचांगातून येतात. तिथी आली की सण आला. कोणाची परवानगी मागावी लागत नाही. त्या बेटातील बहुतेक सणांच्या मागे मात्र एक एक नकार उभा आहे. कोणते तरी सरकार, कोणता तरी मळेवाला, कोणते तरी न्यायालय एके काळी 'हे करावयाचे नाही' असे म्हणाले होते, आणि ज्यांस तसे म्हटले गेले त्यांच्या नातवंडांनी आज त्या दिवसाची सुट्टी मिळविली आहे.

प्रथम स्थळाची थोडी ओळख करून देतो. त्रिनिदाद हे कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाचे बेट. व्हेनेझुएलाचा किनारा येथून इतका जवळ आहे की नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून स्वच्छ दिवशी पलीकडचे डोंगर दिसतात. क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर. शेजारचे टोबॅगो धरून २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या सव्वातेरा लाखांहून थोडी अधिक भरली. तीत हिंदी वंशाचे लोक शेकडा ३५, आफ्रिकी वंशाचे शेकडा ३४. उरलेल्यांत मिश्र वंशाचे पुष्कळ, आणि चिनी, सिरियन, युरोपीय व मूळचे बेटवासी हे थोडे थोडे. कोलंबसाने १४९८ मध्ये हे बेट पाहिले, १७९७ पर्यंत ते स्पेनकडे होते, मध्यंतरी फ्रेंच मळेवाल्यांनी येऊन वस्ती केली, आणि शेवटी ते इंग्रजांकडे गेले. म्हणून गावांची नावे स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी अशी सरमिसळ; आणि त्यांतच मधूनमधून फैजाबाद, बराकपूर, कलकत्ता, गोवळकोंडा अशी पाटी दिसली की मनुष्य मोटारीत एकदम ताठ बसतो.

ही नावे तेथे कशी गेली ती हकीकत आपल्यापैकी पुष्कळांस स्थूलमानाने ठाऊक असेल. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत असत. १८३४ च्या १ ऑगस्ट रोजी इंग्रजी साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली. तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांस आणखी चार वर्षे जुंपून ठेवले होते, ते १८३८ मध्ये खरे मोकळे झाले. मोकळे झालेल्यांनी मळ्यांकडे पाठ फिरविली, मळेवाल्यांस माणसे मिळेनात, आणि मग हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्याची युक्ती निघाली. करारास इंग्रजीत 'ॲग्रीमेंट' म्हणतात, त्याचे आपल्या लोकांनी 'गिरमिट' केले. कलकत्त्याहून निघालेले 'फतेह अल रझाक' हे जहाज शंभराहून अधिक दिवसांच्या प्रवासानंतर सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादास लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार हिंदी माणसे ह्या बेटात उतरली. बहुतेक बिहार व संयुक्त प्रांतांतील, काही मद्रासकडील. पाच वर्षांचा करार, आणि मळ्याबाहेर पाऊल टाकावयाचे तर चिठ्ठी हवी. चिठ्ठीशिवाय सापडल्यास तुरुंग.

ह्या प्रकाराशी महाराष्ट्राचा एक संबंध आहे व तो अभिमानाचा आहे. नामदार गोखले ह्यांनी १९१२ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ही गिरमिटाची पद्धती समूळ बंद करावी असा ठराव आणला. हिंदी सभासदांनी त्यांस साथ दिली. सरकारी मतांच्या जोरावर ठराव पाडण्यात आला. गोखले १९१५ साली वारले. भरती थांबली ती १९१७ मध्ये. त्रिनिदादमधील एका सभेत मी हे सांगितले तेव्हा श्रोत्यांपैकी दोघातिघांसच गोखल्यांचे नाव ठाऊक होते, ह्याचे मला वाईट वाटले; मग मनात आले की आपल्या पुण्यात तरी त्रिनिदादचे नाव क्रिकेटखेरीज किती जणांस ठाऊक आहे?

पुतण्याचे बिऱ्हाड पश्चिम किनाऱ्यावर, पारियाच्या आखाताच्या काठी, कारापिचैमा ह्या भागात होते. सपाट मुलूख, एके काळी नजर पोहोचेल तेथपर्यंत ऊस. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली, तेव्हापासून कित्येक शेते पडीक आहेत व कित्येकांवर घरे उठली आहेत. हिंदू घर ओळखण्यास फार कष्ट पडत नाहीत. अंगणाच्या कोपऱ्यात उंच कळकांवर तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या पताका लावलेल्या असतात. त्यांस ते 'झंडी' म्हणतात. हनुमंताची किंवा दुसऱ्या देवाची पूजा झाली की एक नवी झंडी उभी राहते, व ती आपोआप जीर्ण होईपर्यंत काढीत नाहीत. आमची गुढी एक दिवसाची पाहुणी. ह्यांची वर्षभर वाऱ्यावर फडफडत राहते. शेजारच्या घरातील मुले बापाच्या आईला 'आजी' अशी हाक मारीत, तेव्हा माझ्या सूनबाई प्रथम दचकून मागे पाहत. आईच्या आईला मात्र 'नानी'. ह्याउपर त्यांची भोजपुरी जवळजवळ सगळी गेलेली आहे. स्वयंपाकघरात तवा, बेलना, दाल, तरकारी एवढे शब्द उरले. त्यांची दालपुरी ही आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण होय. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे पुरण, त्यात जिरे व मिरची. सूनबाईंनी ती दोन प्रयत्नांत साधली, व शेजारच्या आजीस पुरणपोळी शिकविली.

त्याच भागात दत्तात्रेयाचे मंदिर आहे हे पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण. म्हैसूरच्या एका स्वामींच्या प्रेरणेने ते झाले आहे, व त्याच्या आवारात पंचाऐंशी फूट उंचीचा मारुती २००३ पासून उभा आहे. पूजा सांगणाऱ्या पंडितांचे मंत्र ऐकताना मात्र माझ्यातील संस्कृताचा मास्तर चुळबुळ करी. काही जुन्या पंडितांच्या तोंडी 'य'च्या जागी 'ज' व 'ष'च्या जागी 'ख' येतो. अर्थ सांगतात इंग्रजीतून. परंतु ज्या लोकांस चार पिढ्या शाळा नाही, ग्रंथ नाही, व ज्यांच्या धर्मविधीने लागलेल्या लग्नांस विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायद्याची मान्यताही नव्हती, त्यांनी मंत्र टिकविला हेच विशेष, असे समजून मी हात जोडून बसत असे.

ह्याच किनाऱ्यावर वॉटर्लू नावाचे खेडे आहे, आणि तेथे समुद्रात एक शिवमंदिर आहे. त्याची कथा त्या बेटातील लहान मुलासही पाठ आहे. शिवदास साधू हा लहानपणी आईबापांबरोबर आलेला मनुष्य, मळ्यावरील मजूर. त्याने पदरच्या पैशाने १९४७ च्या सुमारास किनाऱ्यालगत एक लहानसे देऊळ बांधले. जागा साखर कंपनीच्या मालकीची निघाली. कंपनीने देऊळ काढण्यास सांगितले; तो म्हणाला, देवाचे घर मी माझ्या हाताने पाडणार नाही. १९५२ मध्ये कंपनीने ते पाडून टाकले, व शिवदासास चौदा दिवसांचा तुरुंगवास व दंड झाला. सुटून आल्यावर त्याने विचार केला की जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कोणाचा नाही. ओहोटी लागली की तेथे लांबवर चिखल उघडा पडतो. त्या चिखलातून रस्ता करीत, लोखंडी पिंपे रोवून त्यांत काँक्रीट भरीत, सायकलवरून दगड, वाळू, सिमेंट वाहून नेत त्याने किनाऱ्यापासून सुमारे पाचशे फुटांवर पुन्हा देऊळ उभारण्यास प्रारंभ केला. जवळजवळ एकट्याने. लोक त्यास वेडा म्हणत. पंचवीस वर्षे तो त्या कामात होता, व ते पुरे होण्यापूर्वीच वारला. लाटांनी देवळाची पडझड होत राहिली. पुढे १९९५ मध्ये हिंदी लोकांच्या आगमनास दीडशे वर्षे झाली, त्या निमित्ताने सरकारने त्या देवळाचा जीर्णोद्धार केला, व तेथपर्यंत पक्का रस्ता बांधला.

मी तेथे अनेकदा सायंकाळी जाऊन बसत असे. समुद्र आपल्या कोकणासारखा निळाहिरवा नाही. राखेच्या रंगाचा, संथ, गढूळ. मासेमारीच्या होड्या चिखलात कलंडलेल्या. शेजारीच उघड्यावरची स्मशानभूमी, चिता पेटलेली असली तर धूर देवळावरून जातो. दर्शनास येणारे सगळेच हिंदू असतात असे नाही. एकदा आफ्रिकी वंशाचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवास घेऊन आले होते. चपला काढून आत गेले, पाच मिनिटे उभे राहिले, बाहेर येऊन नातवास म्हणाले, "ज्याने हे बांधले त्याला तुरुंगात टाकले होते, हे लक्षात ठेव." मीही त्या क्षणी मनाशी तेच म्हणत होतो.

३० मे ही सुट्टी त्या पहिल्या जहाजाच्या स्मरणार्थ आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच. ती १९९५ मध्ये मिळाली. पण तेव्हा तिचे नाव नुसते 'आगमनदिन' ठेवले होते. कोणाचे आगमन, हे सांगण्याचे सरकारने शिताफीने टाळले. १९९६ मध्ये तिला 'हिंदी आगमनदिन' हे नाव मिळाले. बाहेरच्या मनुष्यास एका विशेषणाची ही ओढाताण पोरकट वाटेल. तेथे राहिल्यावर वाटत नाही. दोन समाज संख्येने जवळजवळ सारखे, निवडणुका पुष्कळशा वंशाच्या रेषेवर लढविल्या जातात, आणि एकास काही मिळाले की दुसरा मोजून पाहतो. १ ऑगस्टचा दास्यमुक्तिदिन १९८५ पासून पाळतात. पूर्वी त्याच सुमारास कोलंबसाने बेट शोधल्याची सुट्टी असे, ती काढून ही दिली. त्या दिवशी मी पोर्ट ऑफ स्पेन येथे मिरवणूक पाहिली. आफ्रिकी वेषातील स्त्रीपुरुष, उंच बांधलेली रंगीत शिरोवस्त्रे, पाठीमागे ढोल. ज्याने बेट 'शोधले' त्याचा दिवस जाऊन ज्यांना साखळदंडांत आणले त्यांचा दिवस यावा, ही अदलाबदल मला फार अर्थपूर्ण वाटली.

आता ज्या दोन उत्सवांस सुट्टी नाही त्यांविषयी.

पहिला हुसे. हुसेन ह्या नावाचाच हा अपभ्रंश; म्हणजे आपला मोहरम. ताबूत आपल्याकडे होतात तसेच कळक, कागद व चमकी लावून केलेले. त्यांस ते 'ताजा' म्हणतात. ते करणारे कारागीर कित्येक आठवडे मांस व मद्य वर्ज्य करतात. राजधानीच्या सेंट जेम्स भागात व दक्षिणेकडील सेड्रोस गावात हा उत्सव अजून चालतो. सेंट जेम्समध्ये ताबुतांबरोबर दोन मोठे चंद्र निघतात, एक तांबडा, एक हिरवा, हुसेन व हसन ह्यांचे. एकेक चंद्र एकेका मनुष्याच्या खांद्यावर. शंभर पौंडांवर वजन. आणि तो घेऊन त्याने गरगर फिरावयाचे. रस्त्याच्या कडेस जाळ करून ताशे तापवितात. होय, ताशेच! ते त्यास 'तासा' म्हणतात; बरोबर मोठा ढोल व झांज. पहिली थाप पडली तेव्हा मला क्षणभर लक्ष्मी रस्त्यावर उभे असल्याचा भास झाला. वाजविणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आफ्रिकी वंशाचे तरुणही होते. शेवटी ताबूत समुद्रात सोडतात.

१८८४ साली सरकारने हुकूम काढला की मळ्यांवरील लोकांनी हुसेच्या मिरवणुका शहरांत व सरकारी रस्त्यांवर आणू नयेत. मजुरांनी अर्ज केला, तो फेटाळला. त्या वर्षी ३० ऑक्टोबर रोजी सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर मिरवणुका आल्या, आणि पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांचा आकडा कोणी सोळा सांगतात, कोणी बावीस. जखमी शंभराहून अधिक. मुसलमानांच्या सणात गोळ्या खाऊन पडलेल्यांत बहुसंख्य हिंदू होते. मळ्यावरच्या मजुरांचा तो सगळ्यांचा मिळून एकच उत्सव होता, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता? चौकशी झाली, जमेकाचा गव्हर्नर ती करण्यास आला, आणि सरकारचे काही चुकले नाही असे ठरले. ह्याच काळात पुण्यासाताऱ्याकडेही हिंदू लोक ताबुतांपुढे नाचत असत, नवस करीत असत, हे आमच्या वडील मंडळींच्या बोलण्यात येई. १८९३ नंतर आपल्याकडे प्रवाह दुसरीकडे वळला. त्याच्या बऱ्यावाईटाचा खल येथे करीत नाही. सेंट जेम्सच्या रस्त्यावर मला त्याची आठवण झाली, एवढे नमूद करतो. असो.

दुसरा बिनसुट्टीचा उत्सव म्हणजे कार्निव्हल, आणि त्यास सुट्टी नाही हे ऐकून हसू येईल. कारण त्याच्याइतका मोठा उत्सव त्या बेटात नाही. लेंट नावाच्या ख्रिस्ती उपवासाचा काळ लागण्यापूर्वीचे सोमवार व मंगळवार. कागदोपत्री ते कामाचे दिवस आहेत. प्रत्यक्षात शाळा, पेढ्या, कचेऱ्या, सारे बंद. सोमवारी पहाटे चारच्या सुमारास लोक अंगास चिखल, रंग, तेल फासून रस्त्यावर येतात. आमच्या धुळवडीची ती सख्खी भावंडे. पुढे फाल्गुनात हिंदू लोक 'फगवा' खेळतात, चौताल म्हणतात, तेव्हा दोन्हींतील नाते आणखी ठळक दिसते. मंगळवारच्या वेषभूषेविषयी मी अधिक लिहीत नाही. घरातील मुलींनी हे मासिक मोठ्याने वाचून दाखविण्याची चाल असते, व वस्त्रांच्या वर्णनास फार शब्द लागण्यासारखी वस्त्रेही तेथे नव्हती.

पण कार्निव्हलमधील वाद्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कार्निव्हल आणला फ्रेंच मळेवाल्यांनी. गुलामगिरी संपल्यावर तो रस्त्यावरच्या आफ्रिकी लोकांनी आपलासा केला. मशाली व ढोल घेऊन ते मध्यरात्री निघत. १८८१ मध्ये राजधानीत त्यांची पोलिसांशी मोठी मारामारी झाली, आणि १८८४ मध्ये, म्हणजे हुसेच्या गोळीबाराच्याच वर्षी, त्यांच्याही मिरवणुकांवर व ढोलांवर बंधने आली. ढोल नाही तर नाही; लोकांनी वेळूची कांडी जमिनीवर आपटून ताल धरला. मग बिस्किटांचे डबे, मोटारीचे भाग, आणि शेवटी १९३० ते ४० च्या काळात तेलाची टाकाऊ पिंपे. पिंपाचे तोंड ठोकून ठोकून त्यावर सप्तसूर बसविले. तेच स्टील पॅन. आरंभी ते वाजविणाऱ्यास गुंड समजत. १९९२ मध्ये ते राष्ट्रीय वाद्य ठरले. शंभर शंभर वादक एका वेळी पिंपे वाजवीत असताना जो नाद उठतो तो जलतरंग व देवळातील घंटा ह्यांच्या मधला काहीसा आहे. तेलाच्या पिंपातून असा स्वर काढणाऱ्याची तपश्चर्या कोणत्याही घराण्याच्या गवयाहून कमी मानता येणार नाही.

३० मार्चची हकीकत अशीच. आफ्रिकी वंशाच्या गरीब लोकांत 'शाउटर बॅप्टिस्ट' नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. भजनात घंटा वाजविणे, मोठ्याने ईश्वराचा धावा करणे, अंगात येणे, डोक्यास फडके बांधणे ही त्यांची लक्षणे. प्रतिष्ठित लोकांस हा गोंगाट सहन होईना. १९१७ मध्ये कायद्याने त्यांच्या उपासनेसच बंदी घातली. चौतीस वर्षे ते रानात, रात्री, पहारे बसवून भजन करीत. सापडले म्हणजे शिक्षा. ३० मार्च १९५१ रोजी कायदा रद्द झाला, व १९९६ मध्ये त्या दिवसाची सुट्टी मिळाली. ती देणाऱ्या सरकारचा मुख्य प्रधान हिंदी वंशाचा होता, बासदेव पांडे. राजकारणाचा हिशोब त्यात असेल. मी त्यात शिरत नाही. पण ज्या समाजाच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातील एक मनुष्य ज्यांच्या घंटेस बंदी झाली त्यांस त्यांचा दिवस देतो, हे मला बरे वाटले.

१९ जून हा मजूरदिन. १९३७ मध्ये तेलाच्या खाणींवर मोठा संप व दंगल झाली, तिचा पुढारी यूराया बटलर. दिवस साजरा होतो फैजाबाद ह्या गावी. अयोध्येशेजारच्या शहराचे नाव घेतलेल्या खेड्यात आफ्रिकी मजूर पुढाऱ्याच्या पुतळ्यास हार घालतात, व भोवती दोन्ही वंशांचे मजूर उभे असतात. ह्याहून अधिक वर्णन करण्यासारखे त्या दिवशी मला काही दिसले नाही. भाषणे सर्वत्र सारखीच.

गुड फ्रायडेच्या दिवशी मात्र मी जे पाहिले ते घरातील बायकांस विशेष आवडेल. दक्षिणेकडे सिपारिया गावी कॅथलिक चर्चमध्ये मेरीची एक काळसर रंगाची लहान मूर्ती आहे. कॅथलिकांची तिची यात्रा ईस्टरनंतर असते. परंतु गुरुवारी रात्रीपासून गुड फ्रायडेपर्यंत तेथे हिंदूंची रांग लागते. ते तिला 'सिपारिया माई' म्हणतात. तांदूळ, तेल, फुले, सोन्याचा लहानसा दागिना वाहतात, संतती मागतात. आणि बाहेर न्हावी बसलेले, त्यांच्यापुढे वर्षा-दीड वर्षांची मुले रडत आहेत: जावळ! चर्चच्या दारात हिंदू मुलांचे जावळ काढताना पाहून माझ्या सूनबाई हसत हसत डोळे पुसू लागल्या. चर्चच्या लोकांनी हे पूर्वी कधी कधी थांबवू पाहिले, पण माई थांबवीत नाही तोवर तेथे येणे कोण थांबविणार, असे एका बाईंनी आम्हांस ऐकविले.

दिवाळीस सुट्टी १९६६ पासून. ईदेसही त्याच वर्षी. कळक उभे चिरून, वाकवून, त्यांच्या कमानी व जाळ्या करतात आणि त्यांवर मातीच्या पणत्या ओळीने लावतात. गावेच्या गावे अशी उजळतात, आणि ख्रिस्ती व मुसलमान शेजारी सहकुटुंब येऊन केळीच्या पानावर जेवून जातात. दिवाळीपूर्वी शागवानस शहराजवळच्या फेलिसिटी गावी रामलीला असते. उघडे मैदान, कळकाचा रावण, कागदाचे मुकुट, गावातील मुलेच राम व वानर. सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट ह्यांस १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानाचा प्रारंभ ह्याच गावच्या रामलीलेने केला. आपण ते नाटक म्हणून पाहत होतो, करणाऱ्यांस मात्र ती श्रद्धा होती, असे त्यांनी तेथे सांगितले आहे. स्वीडनच्या विद्वत्सभेत त्या संध्याकाळी एका ख्रिस्ती कवीच्या तोंडून रामाचे नाव निघाले, हे आमच्या किती वर्तमानपत्रांनी छापले होते कोण जाणे.

आपल्याकडे समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे ह्यावर पंडितांच्या सभा भरत होत्या, त्याच वर्षांत हे लोक जहाजाच्या तळाशी एका भांड्यातले जेवत होते. जात बोटीवरच विरघळली. तिच्या जागी एक नवे नाते आले, 'जहाजी भाई'. एका जहाजातून आलेले ते भाऊ; त्यांच्या मुलांची आपसांत लग्ने होत नसत, इतके ते नाते खरे मानीत. पण नव्या पिढीच्या मुलांपैकी कित्येकांस आपल्या पणज्याच्या जहाजाचे नावही सांगता येत नाही, व ३० मे रोजी ती समुद्रकिनारी सहलीस जातात. शेजारच्या आजीस ह्याचा राग येई. "सुट्टी मागायला आम्ही उन्हात उभे राहिलो, आणि हे पोहायला जातात," असे त्या इंग्रजीत म्हणत, आणि रागाच्या भरात शेवटचे दोन शब्द भोजपुरीत निघत.

ज्यांचे मूळचे बेट, त्या आदिवासींचे थोडे वंशज अरिमा गावी आहेत. त्यांनी पुष्कळ वर्षे एका दिवसाची मागणी केली. १३ ऑक्टोबर २०१७ ही सुट्टी त्यांच्या नावाने दिली गेली, ती त्या एका वर्षापुरती.

माझ्या मुक्कामाच्या अखेरीस कार्तिकी पौर्णिमा आली. कार्तिकस्नानासाठी त्या बेटातील हिंदू समुद्रावर जातात. शेजाऱ्यांबरोबर आम्ही पूर्व किनाऱ्यावर मान्झानियास गेलो. मैलोगणती नारळीची रांग, समोर अटलांटिक महासागर, लाटा उग्र. जीवरक्षक शिट्या फुंकून लोकांस मागे बोलावीत होते. आजींनी गुडघाभर पाण्यात उभे राहून अर्घ्य दिले, व मला विचारले, "मास्तर, तुमच्या गावची गंगा कोणती?" मी म्हटले, कृष्णा. त्यांनी ते नाव दोनदा पुटपुटून पाहिले, आणि दुसरी ओंजळ भरली.